परशराम मार्ग, बारमाही

आमच्या वाडीचा रस्ता मी जोयड्यात माझ्या दुकानात बसून, एक चहा संपेपर्यंत बांधून काढला. खडी लागली नाही, डांबर लागलं नाही, आणि उद्घाटनाला पुढारीही बोलवावा लागला नाही!

दुकान म्हणजे मोबाइल दुरुस्तीचं. येणाऱ्या प्रत्येकाला मी फुकट उपदेश करतो, की बाबांनो, कंपन्यांची ॲप काढून टाका. तुम्ही कुठं जाता, काय खाता, कुणाशी भांडता, सगळं त्यांना कळतं. त्यापेक्षा लोकांनी लोकांसाठी केलेली, मोकळी, बिनमालकीची ॲप घ्या. (लोक मान डोलावतात, आणि मोबाइलला काच बसवून निघून जातात.) पण माझी ही भक्ती खऱ्या अर्थानं फळाला आली ती बहिणीच्या लग्नाच्या वेळी.

सुमन माझी धाकटी बहीण. तिची दोन स्थळं बघायला न येताच फिरली होती. कारण एकच. हल्ली मुलाकडची माणसं आधी नकाशा बघतात. कंपनीच्या नकाशात कुंभारवाड्याच्या पुढं नुसता हिरवा रंग, त्यात आमची वाडी नाही की वाट नाही. "लय आत हाय वो," म्हणून दोघांनीही फोन ठेवला. दुसऱ्या खेपेला सुमन दिवसभर गोठ्यातच काम काढून बसली. ते मला फार लागलं.

मग मी मोकळा नकाशा उघडला. त्यात कुणीही रेघ ओढावी, कुणीही पुसावी. एप्रिल महिना होता. आमच्याकडे सुगी आटोपली की बांध फोडून जीप, ट्रॅक्टर सगळं शेतातूनच येतं. डोंगराच्या कडेनं एवढा वळसा कोण घालतो? मी तोच रस्ता काढला! तात्यांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या भाताच्या खाचरातून थेट आमच्या अंगणात. नकाशानं विचारलं, रस्ता हंगामी की बारमाही? मी क्षणभर थांबलो. बहिणीच्या लग्नाचा प्रश्न होता. दाबलं बारमाही! खाली रस्त्याच्या नावाची जागा रिकामी होती, ती काही बरी दिसेना. तीही भरून टाकली.

खानापूरकडचं तिसरं स्थळ बघायला यायचं ठरलं ते नवरात्रात. आदल्या दिवशी मुलाच्या वडिलांचा दुकानात फोन आला.

"कुंभारवाड्यात आलो की इचारतो कुणालाबी."

"इचारायचं कशाला, पाव्हणं? कंपनीचा नकाशा काढून टाका. मी सांगतो त्यो घाला. रेंज नसली तरी चालतोय!"

"पोरगं घालंल आमचं. पर रस्ता नीट हाय न्हवं?"

"बारमाही हाय!" मी छातीठोकपणे सांगितलं.

(नवरात्रात भात पोटरीला आलेलं असतं, खाचरात पाणी असतं, हे आमच्या म्हशीलाही माहीत आहे. मला आठवलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं नकाशा होता.)

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. आईचा शिरा तयार, सुमन साडी नेसून तयार, आबा, म्हणजे माझे वडील, टोपी घालून दारात. आणि खालून तात्यांची आरोळी आली.

"कुणाची रं ही जीप? माझ्या भातात घातली!"

आम्ही सगळे धावलो. जीप भाताच्या मधोमध बसली होती, तिची चाकं दिसतच नव्हती. मागं बांधापर्यंत भाताचे दोन पट्टे आडवे झालेले. मुलगा स्टिअरिंगवर, तात्या कोयता घेऊन बांधावर, आणि मुलाचे वडील पांढऱ्या धोतरात गुडघाभर चिखलात! त्यांच्या हातातल्या फोनमधली बाई शांतपणे सांगत होती, "सरळ जा."

"आवं, रस्त्यानंच आलाव आमी!" पाहुणे ओरडले.

"ह्यो रस्ता? माझं भात हाय ह्ये!"

"फोनात रस्ता हाय की! नावबी हाय. ह्ये बगा." त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून मोठ्यानं वाचलं, "परशराम मार्ग."

सगळा बांध माझ्याकडं वळला. वाडीत परशराम एकच आहे.

"परश्या!" तात्या म्हणाले, आणि कोयता खाली ठेवला. (बहुतेक स्वतःवरच भरवसा नसावा.)

मी तरी गप्प बसावं! "पाव्हणं, ह्यो मोकळा नकाशा हाय. चूक दिसली तर कुणीबी दुरुस्त करू शकतंय."

"व्हय? मग दुरुस्ती आधी करू, का पाय आधी काडू?"

मुलगा गाडी रेटत होता आणि चाकं आणखी खोल जात होती. इतक्यात सुमननं पदर खोचला. चहाचा ट्रे घेऊन जिनं खाली मान घालून यायचं, ती सरळ खाचरात उतरली. "बंद करा गाडी! वर येत न्हाई, खाली चाललीय!" मुलानं मुकाट्यानं गाडी बंद केली. तिनं गवताच्या पेंढ्या आणवल्या, चाकाखाली दाबल्या, मला आणि तात्यांना मागं लावलं, स्वतः खांदा दिला. तासाभरानं जीप बांधावर आली. आई बांधावर तोंडाला पदर लावून उभी होती. शिरा घरी थंड झाला होता.

सुमनच्या नव्या साडीचा काठ ओळखू येत नव्हता. विहिरीवर पाय धुताना ती हळूच म्हणाली, "आण्णा, सरळ रस्ता न्हाई म्हणून खरं सांगितलं असतंस तर काय झालं असतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला तिची लाज झाकायची होती, आणि खरं म्हणजे तिला लाज नव्हतीच. ती लाज माझी होती. वर ती मी माझ्याच नावानं, साऱ्या जगाला दिसेल अशी छापून ठेवली होती. (दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन रस्ता पुसला. नकाशानं बदलाचं कारण विचारलं. मी 'भात' एवढंच लिहिलं.)

पाहुणे आबांचं धोतर नेसून पडवीत बसले. मी खांबाआड उभा होतो. गेलं हे स्थळही, आणि या वेळी रेघ नव्हती म्हणून नाही, रेघ ओढणाऱ्यानं घालवलं, असं मनाशी धरून चाललो होतो. शेवटी पाहुण्यांनी मुलाकडं बघितलं. मुलगा सुमनकडं बघत होता.

"पोरगी पसंत हाय," पाहुणे म्हणाले. "पर एक अट हाय."

आईचा हात बशीवरच थांबला. आबांनी टोपी सारखी केली. "बोला की."

"आमच्या गावचा नकाशा ह्यानं काडायचा न्हाई."

आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. उठले, देवापुढं नारळ ठेवला, आणि माझ्या वतीनं शपथ घेऊन मोकळे झाले.