‘शहाणी झाली’ म्हणजे काय झालं?

निर्मलाताई मुलुंडच्या आमच्या शाळेत समुपदेशक म्हणून आल्या, त्या दिवशी मी त्यांना माझ्या वर्गातल्या व्रात्य मुलांची नावं घडाघडा सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, ही पहिल्यापासूनच अशी असतील. हल्ली बदललंय कोण?"

मी म्हटलं, केतकी. सातवीतली ही मुलगी अर्ध्या गुणासाठी, खिडकीजवळच्या जागेसाठी, कशासाठीही भांडायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र तोंडातून शब्द नाही, डबा तसाच परत. आम्ही सगळ्या खूश होतो. निर्मलाताई नव्हत्या. मूल एखादा दिवस गप्प बसतं. पण बोलणं, खाणं, खेळणं सगळंच बदललं आणि तसंच राहिलं, तर विचारायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

वडिलांना बोलावलं. ते चिडलेच. घरात बायको आजारी, त्यात मुलीला वेडी ठरवताय का, म्हणाले.

"झालंय काय तिला? उलट शहाणी झालीय."

"साहेब, तेच झालंय," निर्मलाताई म्हणाल्या.

 शेवटी वडील केतकीला त्यांच्याकडे पाठवायला हो म्हणाले.

त्यानंतर कित्येक दिवस निर्मलाताई केतकीशी नुसते पत्ते खेळत होत्या. शाळेत पत्ते कसले, म्हणून मी हटकलं. "मी हरले की ती हसते, बाई. अजून थोडं हरू द्या," एवढंच त्यांचं उत्तर. आपण आईशी भांडलो म्हणूनच ती आजारी पडली, असं त्या पोरीने मनाशी धरलं होतं. हे केतकीनेच मला पुढे सांगितलं. निर्मलाताईंनी समुपदेशनाच्या खोलीतलं अक्षर कधी बाहेर येऊ दिलं नाही. त्यांनी आईलाच शाळेत बोलावलं. "माझं दुखणं तुझ्या भांडणाने आलेलं नाही गं," हे मुलीने आईकडूनच ऐकलं.

पुढे एकदा भर वर्गात केतकी उठली. म्हणाली, फळ्यावरचं उत्तर चुकलंय. उत्तर बरोबर होतं. तरी ती तास संपेपर्यंत वाद घालत राहिली. मी निर्मलाताईंना गाठून म्हटलं, "घ्या, बिघडली तुमची पोरगी." त्या इतक्या मोकळ्या हसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

केतकी आता पवईला नोकरी करते. हा लेख फारच छोटा आहे म्हणून काल तिने माझ्याशी फोनवर कडाक्याचं भांडण केलं.

निर्मलाताई, आज तुम्हाला साठ वर्षं पूर्ण होताहेत. मी वयाने मोठी, म्हणून हक्काने सांगते: गुडघ्यांना जपा, वेळेवर जेवा आणि ठणठणीत राहून शंभरी गाठा. ही भांडखोर माणसं तुम्ही तयार केली आहेत; त्यांचं ऐकायला तुम्हीच हव्यात.