आयुष्यभराचं ऑइल

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, जेव्हा त्याने आपल्या हाताने गाडीची किल्ली खाली ठेवायची असते. हे वाक्य माझ्या नवऱ्याने पुण्याहून फोनवर उच्चारलं, तेव्हा तो काहीतरी कुरकुरीत खात होता. माणूस म्हणजे त्याचे वडील, माझे सासरे, वय अठ्ठ्याहत्तर. आणि आपल्या हाताने म्हणजे माझ्या हाताने, कारण तात्यांसोबत नाशकात मी राहते. नवरा नोकरीमुळे पुण्यात असतो आणि रविवारी येतो. बरेच रविवार येत नाही.

निमित्त होतं आमच्या फाटकाच्या डाव्या खांबाचं. महिन्याभरात तात्यांनी गाडी त्याला दोनदा घासली, दोन्ही वेळा आत घेताना. त्यांचं म्हणणं, दोष गिअरचा. गाडी ऑटोमॅटिक, नऊ वर्षांची. डाव्या गुडघ्याने क्लच दाबायला नकार दिला तेव्हा घेतलेली. हल्ली D मध्ये टाकली की ती क्षणभर विचार करायची आणि मग झटका देऊन निघायची. झटका होता, हे खरं. पण झटक्याने गाडी पुढे जाईल, डावीकडे कशी जाईल, हा प्रश्न मी मनातच ठेवला होता.

सर्व्हिस सेंटरमधल्या टाय लावलेल्या गृहस्थांनी सांगितलं की या गिअरचं ऑइल बदलायचं नसतं, ते आयुष्यभराचं असतं. झटका जात नसेल तर अख्खा गिअरबॉक्स बदलू.

“कोणाच्या आयुष्यभराचं?” तात्यांनी विचारलं.

गृहस्थांनी मागच्या पोस्टरकडे पाहिलं. तिथे एक कुटुंब गाडीला टेकून हसत होतं. त्यांनाही माहीत नसावं.

मग ऑइल घरी बदलायचं ठरलं. म्हणजे मी बदलायचं आणि तात्यांनी तपासायचं. तात्या चौतीस वर्षं ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस होते. ज्याने काम केलं त्याने ते तपासायचं नाही, हा त्यांचा नियम. करणारा एक, तपासणारा दुसरा, दोघांच्या सह्या. आमच्याकडे सिलिंडर मी लावला तर साबणाचा फेस लावून तात्या गळती बघतात. तात्यांनी लावला तर फेस मी लावते. लग्न करून आले तेव्हा मला हा अविश्वास वाटला होता. पुढे कळलं की त्यांच्या हिशेबी विश्वास हा कामाचा भागच नाही. त्यासाठी एक वही आहे. काम, केलं कोणी, तपासलं कोणी, शेरा असे रकाने. शेऱ्यात दोनच गोष्टी चालतात: ठीक किंवा ठीक नाही.

रविवारी सकाळी फळ्यांचे थर रचून गाडीची चारही चाकं त्यावर चढवली, चाकांना विटा लावल्या. तात्यांनी पाणसळ ठेवून बघितली. गाडी तिरकी असेल तर ऑइलची पातळी खोटी दिसते, म्हणून एक फळी दोनदा बदलायला लावली. दहा मिनिटं इंजिन चालवून ऑइल कोमट केलं, मग इंजिन बंद करून मी पोत्यावर आडवी होऊन खाली सरकले. खिडकीतला फोन थरथरत होता. नवऱ्याचा निरोप होता, “किल्ली घेतलीस का?” मी आधीच कळवलं होतं की ऑइल बदलतोय. त्यावर त्याने नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं होतं.

मला स्वस्थता नव्हती. नवं ऑइल लाल असतं. आतलं अजून लाल निघालं तर दोष तात्यांचा, काळं निघालं तर गिअरचा. काळं निघावं असं वाटत होतं. आणि काळं निघालं तर किल्ली कोणत्या तोंडाने मागायची, तेही कळत नव्हतं.

गिअरबॉक्सच्या तळाचा नट सैल झाला आणि काळं ऑइल माझ्या कोपरापर्यंत आलं. करपल्याचा वास होता.

“काळं,” तात्या वरून म्हणाले. एवढंच. पण महिन्याभरात ते इतके ताठ उभे राहिले नव्हते.

ऑइल घमेल्यात जमत होतं. ते मोजायला नागपूरचे पाहुणे विसरून गेलेले दोन कॅन काढले होते, रामकुंडावर गोदावरीचं पाणी न्यायला विकत मिळतात ते. तात्यांनी त्यांच्यावर लिटरच्या खुणा केल्या होत्या. जितकं निघेल तितकंच भरायचं. ‘पवित्र तीर्थ’ या अक्षरांच्या वरपर्यंत काळं ऑइल चढलं तेव्हा त्या अक्षरांचं काही बिघडलं नाही.

शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबायचं होतं. त्याला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात मी चहा केला, वाळलेले कपडे आणले, घड्या घातल्या, एक घडी मोडून परत घातली आणि दर तीन मिनिटांनी येऊन गाडीखाली वाकले.

“बस की जरा,” तात्या म्हणाले. “तू फेऱ्या मारल्यास म्हणून तो लवकर पडणार नाही.”

नवा वॉशर घालून मी नट आवळला. तात्यांना वाकता येत नाही, म्हणून त्यांनी काठीला बांधलेला छोटा आरसा गाडीखाली धरून तो तपासला. मग लांब नरसाळ्याने लाल ऑइल भरलं, इंजिन सुरू केलं, ब्रेकवर पाय ठेवून गिअरची दांडी एकेका खाचेत नेली आणि प्रत्येक खाचेत दहापर्यंत मोजलं. तात्यांनी पातळी मोजायची पट्टी बाहेर काढली, माझ्या जुन्या ओढणीच्या तुकड्याने पुसली आणि उजेडाकडे धरली.

“धागा राहिलाय.”

मला चष्म्यातूनही दिसला नाही. त्यांनी सोनारासारखा डावा डोळा मिटून तो नखाने उचलला. कारखान्यातली सवय असेल, असं मला वाटलं. पट्टी परत घातली, काढली. पातळी दोन खुणांच्या मधोमध होती.

दुपारी फेरी मारायला तात्या चालवायला बसले, मी शेजारी. म्हसरूळहून मखमलाबादकडे निघालो. कुंभमेळ्यासाठी सगळे रस्ते खणलेले आहेत, आणि खणल्याबद्दल आभार मानणारे फलक मात्र पूर्ण झालेले आहेत. झटका गेला होता, गिअर कधी बदलतात ते समजेना. “बघ,” तात्या म्हणाले. मी बघत होते. डावीकडे सायकलला दुधाच्या किटल्या लावलेला एक माणूस चालला होता आणि आम्ही त्याच्या अंगावर जात होतो.

“तात्या, डावीकडे.”

“दिसला,” ते म्हणाले. तोवर सायकल मातीच्या ढिगाऱ्यावर चढली होती. तो माणूस पुढच्या सिग्नलला आमच्या काचेशी आला आणि शांतपणे म्हणाला, “काका, मला बी थोडा रोड ठेवा. लय नको.”

आम्ही घराशी आलो. तात्यांनी गाडी फाटकाबाहेर थांबवली, आत घेतली नाही. “वही,” ते म्हणाले.

मी दिली. गिअरच्या ओळीत तात्यांचा ‘ठीक’ आणि आमच्या दोघांच्या सह्या होत्या. त्याखाली त्यांच्या अक्षरात आणखी एक ओळ होती, सकाळीच लिहिलेली. काम: गाडी चालवणं. केलं: मी. तपासलं: सूनबाई. शेऱ्याची जागा मोकळी होती.

“तुम्हाला कसं कळलं?”

“तो फोनवर मोठ्याने बोलतो.” त्यांनी पेन्सिल माझ्याकडे केली. “जागा मोकळी सोडायची नाही. मोकळी म्हणजे तपासलंच नाही.”

“तो सायकलवाला तुम्हाला दिसला नव्हता, तात्या.”

“खांबही दिसला नव्हता,” ते म्हणाले. “लिही.”

मी ‘ठीक नाही’ लिहिलं आणि सही केली. त्यांनी आपली सही केली, गाडी P मध्ये टाकली, बॉनेटला धरत वळसा घालून आले आणि मी उठल्यावर डावीकडे बसले. गाडी मी आत घेतली. किल्ली त्यांनी स्वतः दाराजवळच्या खुंटीला अडकवली. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. वडिलांनी सोडण्यातसुद्धा आपल्याला धडा घालून दिला, असं तो म्हणाला. या वेळी तो काही खात नव्हता. मलाही त्या रात्री जेवण गेलं नाही.

मंगळवारी तात्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उजवा डोळा झाकून समोरचं वाचायला सांगितलं. तात्यांनी विचारलं, कुठलं समोरचं? डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला. पुढच्या आठवड्यात काढला. पंधरा मिनिटं लागली.

मग एका रविवारी तात्यांनी गाडी बाहेर नेली आणि आत आणली. मी शेजारी वही घेऊन बसले होते. खांब एक हात लांब राहिला. मी ‘ठीक’ लिहिलं.

किल्ली एकूण पस्तीस दिवस खाली ठेवलेली होती.