ताप न आलेला डॉक्टर

बोईसरमध्ये छोटा दवाखाना चालवला की किस्से गोळा करावे लागत नाहीत, पेशंटच घेऊन येतात. वाईट एवढंच, की बहुतेक किश्शांत येडा मीच ठरतो.

कोरोनात मी येईल त्याला समजावायचो, "विषाणू शिरला की शरीरानं लगेच जागं व्हायला हवं. ताप, अंगदुखी ही त्याचीच लक्षणं. सुरुवातीला ते गाफील राहिलं, तर मागाहून इतकं खवळतं की आपल्याच फुफ्फुसांवर उठतं."

पाड्यावरून आलेला काशिनाथ तापानं फणफणला होता. सगळं ऐकून म्हणाला, "म्हंजे माजा ताप चांगला हाय?"

"एका अर्थी, हो."

"मग गोळी कशाला देता?"

"झोप लागेल," मी म्हणालो.

*

इथल्या एका कंपनीतल्या कामगारांना आगीचं उदाहरण दिलं. अलार्म लवकर वाजला तर बादलीभर पाण्यात भागतं, उशिरा वाजला तर बंबाच्या पाण्यानंच माल खराब होतो. मी उदाहरणावर खूश होतो. मागून एकजण म्हणाला, "सर, हमारे यहाँ अलार्म बजता है तो सब चाय पीने निकल जाते हैं."

*

मग आम्हा नवरा-बायकोलाच लागण झाली. सुलभा पहिल्याच दिवशी तापानं कण्हायला लागली. मला साधी कणकण नाही.

"याला म्हणतात इम्युनिटी," मी पडल्यापडल्या तिला ऐकवलं.

ती दोन-चार दिवसांत उठून कामाला लागली. मला मात्र आठवड्यानं जिना चढताना धाप लागली. ऑक्सिमीटरचा आकडा बघून ती म्हणाली, "तुमचं शरीर आत्ता जागं झालंय वाटतं."

पालघरच्या हॉस्पिटलपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. मला सगळं माहीत होतं, म्हणून भीती जास्तच वाटत होती.

*

तिथं शेजारच्या खाटेवर बेटेगावचे एक आजोबा होते. त्यांनी विचारलं, "कुटं कामाला हायस?"

डॉक्टर आहे म्हणायची लाज वाटली. ऑक्सिजनच्या मास्कमधूनच म्हणालो, "कंपनीत. मेंटेनन्सला."

"बरं झालं. ह्यो पंखा लय कुरकुरतो. बरा झालास की बघ."

मला घरी सोडायच्या दिवशी ते एकदा पंख्याकडे, एकदा माझ्याकडे बघत बसले होते. शेवटी मी स्टूल ओढलं आणि वर चढलो. पंख्याचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

आजोबांनी खालून स्टूल घट्ट धरलं.

"सांबाळून रं," ते म्हणाले. "पडलास तर आत्ता हितं येक पण डॉक्टर नाय."