फाटक्या कानाचा मजूर

काळ्या शाईची बाटली उघडली की मला अजून तो फाटका कान दिसतो. मी गोंदियाच्या एका दैनिकात व्यंगचित्रं काढायचो. पुढाऱ्याचा चेहरा ओळखू यावा, गरिबाचा येऊ नये, असा आमचा नियम होता. सालेकशाकडच्या एका मजुराने मला सांगितलं होतं, की तेंदूपत्त्याचा ठेकेदार पानांचे चांगले पुडेही खराब म्हणून फेकतो आणि त्यांची मजुरी बुडवतो. मी तेच काढलं, आणि चित्रातल्या मजुराला हाताच्या सवयीने त्याचाच फाटका कान दिला. चार दिवसांनी तो मजूर अंक घेऊन कार्यालयात आला. "ओळखलं जी ठेकेदाराच्या माणसाईनं. माहे पुडेच घेऊन नाही राहिले. आता लपवाचं कायले? माह्या नावानं खरं छापून टाका." संपादकांनी मला विचारलं, "पहचानते क्या इनको?" नियम मोडल्याचं कळलं तर नोकरी जाणार होती. मी म्हणालो, "नाही." तो "बरं जी" म्हणून पायऱ्या उतरला. त्यानंतर मी काढलेल्या प्रत्येक मजुराचे कान मुंडाशाखाली झाकले. आता लिहून ठेवतो, तो कान त्याचाच होता, आणि त्याच्या अंगणात बसून मी चहा प्यायलो होतो.