रांजणातला समुद्र

पाच लिटरचा तो पांढरा प्लास्टिकचा कॅन मी कोकणातून उमरग्यापर्यंत मांडीवर घेऊन आले. दीड दिवसात तीन एसट्या बदलल्या, पण कॅन खाली ठेवला नाही. सोलापूरच्या पुढं कंडक्टरनं विचारलं, "बाई, एवढं जपून काय नेताव? तूप हाय का?"

मी म्हणाले, "समुद्र हाय."

अख्खी गाडी हसली. मीही हसले. ते माझं हसणं आठवलं की अजून मान खाली जाते.

बहात्तरच्या दुष्काळात माझी शाळा सुटली. पाचवीत होते. आई तलावाच्या कामावर खडी फोडायची आणि मी धाकट्या बहिणीला घेऊन बाभळीखाली बसायची. तलाव झाला, शाळा राहिली. पुढं लग्न झालं. मालक सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवायचे. कोकणातल्या एका मच्छीमार सोसायटीला बर्फाच्या गाडीवर ड्रायव्हर पाहिजे होता, कुणाच्या तरी शब्दानं तिथं ते लागले, आणि मी माझ्या माणसांपासून इतकी लांब गेले की चार पत्रं टाकावीत तेव्हा एकाचं उत्तर यायचं.

खोली दिली ती एका म्हातारीनं, तिच्या पडवीतली. सगळं गाव तिला आजी म्हणायचं, मीही म्हणायला लागले. मला सगळ्याचीच धास्ती असायची. दार जोरात लागलं तर, भांडं वाजलं तर, आजी काढून लावील की काय असं वाटायचं. पहिल्या सकाळी परसातल्या विहिरीवर मी घागर घेऊन नुसती उभी राहिले.

"काय झाला गो?"

"किती घागरी घेऊ, आजी?"

"विहीर मोजून देतेय होय?" ती म्हणाली, आणि माझ्या हातातला दोर घेऊन तिनंच पहिली घागर शेंदून दिली. चार हातांवर पाणी होतं. गोड. तरी वर्षभर मी अर्ध्या बादलीतच आंघोळ करत होते. नंतर नंतर पूर्ण बादली घ्यायला लागले, आणि मग ती कधी दोन झाली हे कळलंच नाही.

आजीचं एक होडकं होतं. आंब्याच्या एकाच खोडातून कोरलेलं, जेमतेम दोन माणसांचं. ते कलंडू नये म्हणून एका बाजूला दोन बांबू बांधून त्यांना पाण्यावर तरंगणारं लाकूड जोडलेलं, त्याला उलांडी म्हणतात. पहाटे ओहोटी असली की आजी त्यातून बाहेरच्या खडकांवर कालवं काढायला जायची. कालवं म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले. आतला मऊ गर खातात. तिच्याबरोबर शेजारीण असायची. एके दिवशी शेजारणीला ताप आला.

"चल गो, आज तू. दुसरा वल्हा मारायला कोण नाय."

"आजी, मला पोहता येत न्हाय."

"पोहायला कोण सांगतंय? बसायला येतं ना?"

नाही म्हणायची हिंमत नव्हती. वाळू गार होती आणि चांदण्या अजून विझायच्या होत्या. होडकं पाण्यात ढकललं, त्यात बसले आणि दोन्ही काठ घट्ट धरले. वल्हं मांडीवर तसंच. आजी मागून ओरडली, "काठ सोड! होडी काय पळून जातेय?" मग वल्हं घेतलं आणि धुणं धोपटावं तसं पाण्याला धोपटायला लागले. दोघी चिंब झालो.

"मारू नको त्याला. त्यानं काय केलंय तुझा? हलकेच मागं सार."

मला काठवटीतलं पीठ आठवलं. पीठ मळताना तळव्यानं पुढं लोटतो, ते उलटं केलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा होडकं सरसर पुढं गेलं. माझ्या हातानं गेलं! मी मागं वळून बघितलं, तर आजी वल्हं उचलून नुसती बसली होती. मुद्दाम.

तिकडं सूर्य समुद्राच्या बाजूनं उगवत नाही, मागच्या डोंगरातून येतो. त्यामुळं आम्ही सावलीतच होतो आणि लांबचं पाणी आधी उजळलं. मग तो उजेड पाण्यावरून आमच्याकडं सरकत सरकत आला आणि माझ्या मांडीवर चढला. वारा नव्हता. वल्ह्यावरून थेंब पडायचे त्यांचा आवाज ऐकू येत होता. जन्मापासून पाणी माझ्या डोक्यावर होतं. चुंबळ, त्यावर घागर, घागरीवर तांब्या, मानेत कळ. त्या सकाळी डोक्यावर काही नव्हतं, आणि पाण्यानं मला उचलून धरलं होतं. मी रडले का हसले ते आता सांगता येणार नाही. काहीतरी केलं आणि दोन्ही हातांनी पाणी घेऊन तोंडाला लावलं.

समुद्र खारा असतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण ओंजळीला पुस्तक माहीत नसतं. थूथू करून थुंकले तशी आजी इतकी हसली की होडकं डुलायला लागलं. "आज आमटीत मीठ नको घालूस गो!"

खडकावर तिनं मला कालवं फोडायला शिकवलं. बोटं कापली, खारं पाणी झोंबलं, तरी घरी जावंसं वाटत नव्हतं. त्यानंतर मी कितीदा तरी गेले. ओहोटी कधी लागते ते मला कॅलेंडरशिवाय कळायला लागलं.

अशात माहेरचं पत्र आलं. धाकटीला बघायला पाहुणे येणार, तू ये. मुलगा दूध सोसायटीत कामाला, माणसं चांगली, असं पोस्टमास्तरांच्या हातचं अक्षर. खाली एक ओळ, आईनं सांगून लिहिलेली: पाण्याचे हाल आहेत.

ती ओळ मी वाचली होती. हे मुद्दाम लिहिते. नजरेतून सुटली असं म्हणायची सोय मला नाही.

निघायच्या पहाटे मी कॅन घेऊन होडक्यात बसले आणि खडकापाशी, जिथं पाणी सगळ्यात निर्मळ असतं तिथं तो बुडवून भरला.

"हा काय करतेस?"

"आईला दाखवायला नेते."

आजीनं वल्हं आडवं ठेवलं. मग म्हणाली, "विहिरीचा ने की. गोडा."

"त्यात काय दाखवायचं, आजी?"

आता माहेरची एक रीत सांगायला पाहिजे. टंचाईच्या सालात आमच्याकडं येणारा पाहुणा आपलं पाणी घेऊन यायचा. कॅन असो, डबा असो, तो उंबऱ्याच्या आत ठेवायचा. घरातलं कुणीतरी गुपचूप उचलून रांजणात ओतायचं. कुणी आभार मानायचे नाहीत. पाण्यासाठी आभार मानले तर देणारा मोठा होतो आणि घेणारा बारीक. ही रीत मी लहानपणापासून पाळली होती. परसात विहीर असलेल्या घरात तीन वर्षं राहिले आणि ती विसरले.

दिवस मावळताना घरी पोचले आणि कॅन उंबऱ्याच्या आत ठेवला. सवयीनं तिथंच ठेवला गेला. आमची चुलती आणि शेजारची एक बाई ओट्यावर बसल्या होत्या. चुलतीनं कॅनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पदर डोळ्याला लावला.

"लेक आसावी तर आशी. कोकणातनं आणलं बाई."

"एवढ्या लांबनं!" शेजारीण म्हणाली. "आमची सोलापुरातनं येती ती हात हलवीत."

गाडीभर लोकांपुढं ठसक्यात म्हटलेला शब्द माझ्या तोंडातून निघेना. ह्यांना पाणी हवं होतं आणि मी गंमत आणली होती. म्हटलं, जरा वेळानं कुणी बघत नसताना कॅन उचलून माडीवर ठेवू. तेवढ्यात आईनं आत हाक मारली, माझी साडी, माझा रंग, माझे हात बघत बसली. बाहेर आले तर कॅन भिंतीशी पालथा घातलेला. चुलतीनं रीत पाळली होती.

आणि रांजण तो, उद्याच्या पाहुण्यांचा. आई आणि धाकटी चार दिवस टँकरमागं पळून तो भरत होत्या. घरातली माणसं एका घागरीवर भागवत होती. रांजणाला हात लावायचा न्हाय, असं आईनं सगळ्यांना बजावलं होतं, म्हणून कुणी चाखूनही बघितलं नाही. मीसुद्धा नाही. एवढ्या पाण्यात पाच लिटर काय कळणार, असं स्वतःला सांगत अंथरुणावर पडले. आई बाजूला होती. "तू आलीस, बरं झालं," एवढंच म्हणाली.

सकाळच्या गाडीनं पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, आई. धाकटीनं गूळ आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. वडील धोतरवाले, भरघोस मिशांचे. त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, तांब्या वर धरून घोट घेतला आणि थांबले. आमच्याकडं दिलेलं पाणी टाकत नाहीत, उन्हाळ्यात तर नाहीच. ते सगळं प्याले. मिशा पुसून हळूच म्हणाले, "वयनी, तुमच्या गावचं पाणी जरा जड हाय."

आईनं रांजणात वाटी बुडवून चाखली. तिचा चेहरा उतरला. ती वळली ती धाकटीकडं.

"कुठनं भरलंस गं? वड्याच्या मचूळ हिरीवरनं? टँकरला उभं ऱ्हायाचा कट्टाळा आला व्हय?"

"न्हाय आई. टँकरचंच हाय."

"खोटं बोलू नगंस, पाहुण्यासमोर!"

धाकटी खाली बघून रडायला लागली. मुलाच्या आईनं मुलाकडं बघितलं. बघायला आलेल्या माणसांसमोर पोरगी आळशी ठरली, वर खोटी. मी पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी. चुलीवर चहा होता; तो उकळून वर आला, उतू गेला, जाळावर चर्र झालं, तोवर मी बोलले नाही. माझी बहीण त्या वेळात किती एकटी होती ते तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मग म्हणाले, "तिचा दोष न्हाय. म्या आणलेलं पाणी हाय त्यात. समुद्राचं. दाखवायला आणलंवतं."

चुलतीनं तोंडाला पदर लावला. "आगं बया! म्या वतलं की गं ते!"

मग मुलाच्या वडिलांनी रिकामा तांब्या उचलून आत बघितलं. "म्हंजी समुद्र पिलो म्हणा की आमी!"

"बरं झालं," त्यांची बायको म्हणाली. "तीर्थाला न्या म्हणून किती वरसं मागं लागलेव. आता घरबसल्या झालं."

ते हसले तसं घर हसलं, धाकटीसुद्धा नाक ओढत हसली. आई हसली नाही. ती उठून चुलीपाशी गेली. ते पाणी टाकून द्यायची चैन आम्हाला नव्हती. तिनं त्याच पाण्यात डाळ शिजवली आणि आमटीत मीठ घातलं नाही. पाहुण्यांनी दोनदा वाढून घेतली. आजीची थट्टा माझ्या कानात वाजत होती आणि मी खाली बघून वाढत होते.

आठ दिवसांनी दूध गोळा करायला येणाऱ्या माणसाबरोबर निरोप आला, पोरगी पसंत आहे. धाकटी त्या घरात सुखानं नांदली. तिचे सासरे मरेपर्यंत लोकांना सांगायचे, आमची सून समुद्र पाजून आणलीय. ते सांगताना सगळे माझ्याकडं बघून हसायचे, प्रेमानंच. मी तोंड फिरवायची.

पण मला सांगायचं ते त्या दुपारचं. पाहुणे गेल्यावर टँकर आला. रांजण खारट झालेला, घरासाठी गोड पाणी परत भरायचं होतं. आई आणि मी गेलो. उभं राहून दोन घागरी मिळाल्या. माझ्या मानेची सवय मोडली होती. चार पावलांत कळ आली. आई पुढं चालत होती, मागं न बघता.

"त्या पाण्यावर बसलीवतीस म्हणं तू. पत्रात लिवलंवतंस."

"व्हय."

"भ्या वाटलं आसंल."

"वाटलं."

थोडं चालून तिनं विचारलं, "आन् चांगलं वाटलं का?"

तिच्या टाचांच्या भेगा मला दिसत होत्या. घागरीतून उसळलेलं पाणी तिच्या कानामागून खाली येत होतं आणि ती ते बोटानं पुसून ओठाला लावत होती. लांबून सरकत आलेला तो उजेड, माझ्या हातानं पुढं गेलेलं होडकं, हलकी मान, हे सगळं तिला सांगायला म्हणून तर मी एवढ्या लांबून आले होते.

"न्हाय," मी म्हणाले.

आई थांबली. एका हातानं चुंबळ नीट केली.

"न्हाय म्हणू नगंस. पाच लिटर आणलंस की."

आणि चालायला लागली. मला मान खाली घालायची होती. पण डोक्यावर भरलेली घागर असली की मान खाली घालता येत नाही. तशीच सरळ बघत मी तिच्या मागं घरापर्यंत गेले.