मुलगी अजून शिकतेय

जर्मनीतल्या लुडविग्सबुर्गच्या राजवाड्यात पाहुण्यांना दालनं दाखवत फिरायचं, हे प्राचीचं काम. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाची थोरली लेक शार्लोट इथं नांदली, इथंच वारली. तिच्याबद्दल प्राची सांगायला लागली की पाहुणे फोन खिशात घालतात. राजाचा सहाही मुलींवर भारी जीव. इतका, की त्यांच्या लग्नाचा विषय निघाला की तो टाळायचाच. पोरी आईपाशी बसून भरतकाम करायच्या, वाचायच्या, ठरल्या वेळी फिरून यायच्या आणि वाट बघायच्या. शार्लोटला सासर मिळालं ते तिशी गाठल्यावर. पुढं बापलेकीची भेट काही झाली नाही.

इथवर आलं की प्राचीचं बोलणं घाईत यायचं. कोणी काही विचारायच्या आत ती पुढच्या दालनात शिरायची.

तिचीही तिशी मागं पडली होती. नागपूरहून आली तेव्हा पहिलीत होती. आई गेल्यावर घरात ती आणि वडील, सुदामराव, दोघंच. मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होते, आता निवृत्त. संध्याकाळी लेक बसमधून उतरली की हे थांब्यावर हजर, हातात तिचं जास्तीचं जाकीट. मैत्रिणी हसायच्या. वेगळं घर घ्यायचं तिनं एकदा बोलून बघितलं, तर त्यांचं ब्लडप्रेशर चढलं. स्थळंही तेच बघायचे. वधूवरांच्या साइटवर नाव तिचं, फोटो तिचा, नंबर त्यांचा. मनाजोगतं कोणी येतच नाही, असं म्हणायचे, आणि ती कुकर लावायला उठायची. पुन्हा येऊन बसायची, पुन्हा उठायची. जीव कशानं कासावीस होतोय, तिचं तिलाच उमगत नव्हतं.

यंदा बुद्धजयंतीला आसपासची मराठी बौद्ध मंडळी स्टुटगार्टच्या एका हॉलवर जमली. वंदना झाली, खीर वाटायला घेतली. सुदामराव पुढं गप्पांत रमले होते. प्राची वाट्या मांडत होती, तेवढ्यात खिरीचं पातेलं घेऊन एकजण शेजारी आला. नाव धम्मपाल, दोन तासांवरच्या कायझर्सलाउटर्नला संशोधन करतो म्हणाला.

"जय भीम. तुमचं शिक्षण झालं का पूर्ण?" त्यानं जरा चाचरत विचारलं.

"कसलं शिक्षण?"

"साइटवर तुमचा फोटो बघून मी दोनदा फोन केला होता काकांना. दोन्ही वेळा म्हणाले, मुलगी अजून शिकतेय. त्यालाही आता काही वर्षं झाली. म्हटलं, प्रबंध मोठा असेल."

प्राचीला हसू फुटलं आणि त्याच वेळी कानशिलं तापली. तिनं त्याचा नंबर मागून घेतला.

परतताना एस-बान लोकलमध्ये ती वडिलांशेजारी बसली नाही, दारापाशी उभी राहिली. स्टेशन आलं, दार उघडलं की वाटे, उतरावं. उतरून जायचं कुठं, ते सुचत नव्हतं.

घरी येऊन सुदामरावांनी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली, हात जोडले. तिनंही जोडले. मन काही थाऱ्यावर येईना. प्रार्थनेनं सगळं लगेच शांत होतं थोडंच. ते खुर्चीत टेकल्यावर तिनं विचारलं,

"आल्झो, तर मग पप्पा, मी काय शिकतेय?"

त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. म्हणाले, "मुलगा वाईट नव्हता. लांब होता."

"कायझर्सलाउटर्न लांब? आपण नागपूरहून इथं आलो ना?"

"तेव्हा आपण तिघं होतो."

त्या राजाचा राग करणं सोपं होतं. हा बाप तर समोर पायातले मोजे नीट करत बसला होता, नजर वर न उचलता. आज मी गप्प बसले तर जन्मभर गप्पच बसेन, एवढं मात्र तिला कळून चुकलं.

"मी कुठं पळून जात नाहीये. लग्न करीनच, असंही नाही. पण हो की नाही, ते यापुढं मी सांगणार."

तिनं तिथंच धम्मपालला फोन लावला. रिंग जायला लागली तसे सुदामराव खुर्चीतून अर्धे उठले.

"मी आत जाऊ का?" त्यांनी विचारलं.

"बसा."

ते बसले. तिला मात्र बसवेना. खिडकीपासून दारापर्यंत ती येरझारा घालत राहिली, आणि पलीकडून त्यानं फोन उचलला.