एका हाताचं स्वयंपाकघर

बेंबळीच्या बाजारात महालिंगप्पांचं दुकान कुणालाही विचारलं तरी सापडायचं. पण त्या दुकानातली नवी वस्तू त्यांच्याच घरात टिकत नाही, हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं. दुकान भांड्याकुंड्यांचं. अप्पांचा जीव मात्र भांड्यांपेक्षा नव्या खटपटीच्या वस्तूंत अडकलेला. दोरी ओढली की कांदा चिरणारं भांडं, सहा पात्यांची किसणी, उन्हावर चार्ज होणारा कंदील, घडी घालून खिशात मावणारा पंखा. सोलापूरला माल भरायला गेले, की असलं काहीतरी घरासाठी म्हणून पिशवीत यायचंच.

त्यांची बायको उमाबाई ती वस्तू हातात घ्यायच्या, उलटसुलट बघायच्या आणि म्हणायच्या, "आलं का तुमचं खेळणं? हे धुवून पुसून ठिवस्तवर माझा हात चार घरचं चिरून मोकळा व्हतोय."

मग ती वस्तू माळ्यावर जायची.

उमाबाईंनी असं म्हणावं असाच तो हात होता. त्यांची कडक भाकरी पापडासारखी पातळ आणि महिनाभर तशीच कुरकुरीत. शेंगापोळीचं सारण कधी कडेनं बाहेर आलं नाही. बसवजयंतीला मठात पंगत असली की आधी उमाबाईंना विचारायचे आणि मग बेत पक्का करायचे. पदार्थ चाखून बघायची त्यांना गरजच नव्हती. कणीक भिजली का, पाक आला का, हे बोटांनाच कळायचं.

भोगीच्या सकाळी त्या तीळ लावून बाजरीची भाकरी थापत होत्या आणि मध्येच हात थांबला. परातीतल्या पिठावर पंजा तसाच पडून राहिला. उचलायला गेल्या तर तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा जड. "अहो," एवढं त्या म्हणाल्या आणि कलंडल्या.

अंगावरून वारं गेलं होतं. आधी धाराशिवचा दवाखाना झाला, तिथून सोलापूरचा. बोलणं वाचलं. पायही हळूहळू काठीच्या आधारानं जमिनीला लागला. उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबतच राहिला. डॉक्टरांनी दाबायला एक मऊ चेंडू दिला. "रोज दाबत राहा, थोडं थोडं येईल," असं ते म्हणाले. किती येईल, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

लेक शिवरंजनी सासरहून, भूमजवळच्या ईट गावाहून येऊन राहिली. पण तिचंही घर होतं, नोकरी होती. ती गेल्यावर शेजारची एक बाई पोळीभाजी करून द्यायला लागली. उमाबाई ओसरीवर बसायच्या आणि आतून येणारा आवाज ऐकायच्या. फोडणीत मोहरी लवकर पडली, हे त्यांना बाहेर बसून कळायचं. पण त्या बोलायच्या नाहीत. जेवताना डाव्या हातातला घास पदरावर सांडला, की ताट बाजूला सारून म्हणायच्या, "पोट भरलं."

महालिंगप्पांना हे बघवेना. त्यांनी एके दिवशी शिडी लावली आणि माळ्यावरचं सगळं खाली काढलं. इतक्या वर्षांची खेळणी ओसरीवर मांडली आणि एकेक पुसून बायकोपुढं ठेवायला लागले.

"हे बघ, नुसती दोरी ओढायची. कांदा तयार."

उमाबाईंनी डाव्या हातानं दोरी ओढली. दोरीबरोबर भांडंही ओढलं गेलं आणि फरशीवर गडगडत गेलं. किसणी धरायला एक हात, गाजर धरायला दुसरा. डब्याचं झाकण फिरवायला एक, डबा धरायला दुसरा. साधा गॅस पेटवायचा तरी एका हातानं बटण फिरवायचं आणि दुसऱ्यानं लायटर धरायचा. अप्पा तरी पुढचं पुढचं देतच होते. "हे बघ की. बरं, मग हे बघ."

शेवटी उमाबाईंनी समोरची किसणी ढकलून दिली.

"मला एकच हात ऱ्हायलाय, आन तुमच्या समद्या वस्तूंना दोन लागत्यात! कळतंय का तुमाला? न्हाय कळायचं. तुमचे हायत न्हवं दोन्ही."

 अप्पांनी वस्तू गोळा केल्या, पोत्यात भरल्या आणि दुकानात घेऊन गेले.

पुढचे काही दिवस ते दुपारचे जेवायला उशिरा यायला लागले. दुकान घराच्या पुढच्याच अंगाला, मध्ये फक्त एक दार. एका दुपारी दुकानात काहीतरी आपटल्याचा आवाज झाला म्हणून उमाबाई काठी टेकत दारापर्यंत गेल्या. शटर अर्धं खाली होतं. महालिंगप्पा स्टुलावर बसले होते. उजवा हात त्यांनी उपरण्यानं छातीशी करकचून बांधला होता, दोन्ही गुडघ्यांत प्लास्टिकची बरणी दाबून धरली होती आणि डाव्या हातानं झाकण फिरवत होते. झाकण काही निघत नव्हतं. मग त्यांनी मान वाकवून ते दातांत धरलं. बरणी निसटली, शेंगदाणे सगळ्या दुकानभर झाले आणि अप्पा स्टुलासकट मागच्या बादल्यांच्या उतरंडीवर गेले.

उमाबाई हसल्या. भोगीपासून पहिल्यांदाच हसल्या, ते दाराला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काय चाललंय हे?"

बादल्यांतून उठत अप्पा म्हणाले, "तू म्हनलीस तेच बघतोय. खरंच लागत्यात गं दोन हात. सकाळपासनं एक डबा उघडला न्हाय." मग जरा थांबून म्हणाले, "पन एक ध्यानात आलं. दुसरा हात कामच करत न्हाय. त्यो नुसता धरून ठिवतो. धरायचं काम दुसऱ्या कुनाला दिलं तर?"

उमाबाईंनी आत नजर टाकली. "शेवयाचं यंत्र कुठंय? सासूबाईंचं?"

बिडाचं ते जुनं यंत्र पोत्याच्या तळाशी सापडलं. बाजेच्या माच्याला किंवा पाटाच्या कडेला आवळून बसवायचा लोखंडी शिकंजा त्याला होता. एकदा आवळलं की दोन माणसांनी ओढलं तरी हलायचं नाही. अप्पांनी तो शिकंजा सोडवला आणि विळीच्या पाटाला लावून विळी ओट्याच्या कडेला घट्ट बसवली. उमाबाईंना आता खाली बसायची गरज उरली नाही. त्या स्टुलावर बसल्या आणि डाव्या हातानं दोडका पात्यावर सरकवला. पहिली फोड जाड झाली, दुसरी तिरकी. तिसरीला त्या म्हणाल्या, "हं."

तिथून दोघांना नादच लागला. अप्पांनी एका फळीतून स्टीलचे खिळे वर काढले. बटाटा त्यावर टोचला की जागचा हलत नसे, मग साल काढा नाहीतर चिरा. परात फिरायची ती थांबेना, तेव्हा त्यांना दुकानातलीच एक वस्तू आठवली. गाडीत मोबाईल घसरू नये म्हणून ठेवतात ती चिकट रबरी चटई. परातीखाली ती घातली आणि परात रुतून बसली. आपोआप पेटणारी शेगडी आली. खाली रबराच्या वाट्या असलेलं पुरणयंत्र फरशीला चिकटून बसायचं. त्याचा दांडा फिरवायला डावा हात पुरेसा होता. सगळंच जमलं असं नाही. झाकण उघडायचं म्हणून मागवलेलं बॅटरीचं यंत्र उमाबाईंनी पहिल्याच दिवशी परत पाठवायला लावलं. "ह्याच्यापरीस तुमचे दात बरे," म्हणाल्या.

अडली ती भाकरी. एका हातानं थापता यायची, पण उचलून तव्यावर टाकताना तुटायची. कितीतरी भाकऱ्या गाईला गेल्या. मग उमाबाईंनी पिठाला आधण घालून उकड काढली, छोटा गोळा ओल्या फडक्यावर ठेवून पापडाच्या दाबयंत्रात दाबला आणि फडकं तळव्यावर घेऊन तव्यावर उलटं केलं. फडकं सुटलं. भाकरी तव्यावर राहिली. हाताच्या पंजाएवढीच, पण अख्खी. ती फुगली तेव्हा अप्पा दारातून म्हणाले, "लहान पोरांची भातुकली वाटतीया."

"खावा गुमान," उमाबाई म्हणाल्या आणि दुसरा गोळा घेतला.

जूनमध्ये शिवरंजनीचा व्हिडिओ कॉल आला. ती काही न बोलता नुसती हसत होती. उमाबाईंना कळायला वेळ लागला नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बेंबळीला. त्यांनी मनातल्या मनात आळीव, डिंक, खारका मोजायलाही सुरुवात केली. पण पुढच्या आठवड्यात विहीणबाईंचा, भुवनेश्वरींचा फोन आला. आवाज मायेचाच होता. "उमाबाई, तुमी सोताला जपा. बाळंतपण आमी इथंच करतो. तुमच्यावर भार नको."

"बरं," उमाबाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि चेंडू घेऊन बसल्या. दिवसभर तो दाबत होत्या. संध्याकाळी अप्पांना म्हणाल्या, "म्या ईटला जानार हाय. एकटी."

अप्पांनी समजावून बघितलं. दिवाळीपर्यंत थांबू, मी येतो, गाडी करू. उमाबाई दिवाळीपर्यंत थांबल्या, बाकीचं काही ऐकलं नाही. "तुमी धरून नेलं तर त्यांना काय दिसल? धरून आनलेली बाई."

मग अप्पांनी प्रवासाची तयारी अशी केली की जणू बायको काशीला निघाली. काठी त्यांनी नवी आणली, उघडली की तिचं छोटं स्टूल व्हायचं. बाटली अशी की अंगठ्यानं बटण दाबलं की झाकण उडायचं. फोन गळ्यात दोरीला. पाठीवर सॅक, तिचा पट्टा छातीपुढं एका चिमट्यात बसणारा. सॅकमध्ये चिकट चटई, खिळ्यांची फळी, पापडाचं दाबयंत्र आणि एक सुती फडकं.

धाराशिवच्या स्टँडवर भूमची गाडी लागेना. बाकडी सगळी भरलेली. उमाबाईंनी काठी उघडली आणि खांबाला टेकून तिच्यावर बसल्या. शेजारी उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, "कुठं मिळती ओ अशी काठी?" उमाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या दुकानाची जाहिरात केली. "बेंबळीला या. महालिंगप्पांचं दुकान म्हना, कोनबी दावल." गाडीत चढताना मात्र तारांबळ झाली. डाव्या हातात दांडी धरावी तर काठी कुठं ठेवायची? मागच्या माणसाच्या हातात काठी देऊन त्या वर चढल्या आणि मग ती परत घेतली. आत गेल्यावर पाय थरथरत होते. पण बसायला जागा मिळाली, आणि भूमला उतरून ईटच्या गाडीत बसेपर्यंत त्यांना त्या थरथरीची सवय झाली होती.

ईटला दारात त्यांना एकटं बघून भुवनेश्वरी चपापल्या. शिवरंजनी आतून धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. "अव्वा, अप्पा कुठायत?"

"दुकानात. म्या आले की."

चहापाणी झालं. उमाबाईंनी सॅक उघडली, वस्तू ओट्यावर मांडल्या आणि भाकरीचं पीठ मागितलं. भुवनेश्वरी शेजारी उभ्या राहून सगळं बघत होत्या. भाकरी तव्यावर पडली, फुगली. चटणीबरोबर एक खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "भाकरी झाक झाली. पन बाई, खरं बोलू का? भाकरी तुटली तर दुसरी करता येती. तुमच्या हातात बाळ कसं द्यायचं?"

 शिवरंजनीनं मान खाली घातली. उमाबाईंना राग आला नाही. हाच प्रश्न त्यांनीही स्वतःला विचारलेला होता.

"देऊच नका," त्या म्हणाल्या. "म्या बाळ उचलनार न्हाय, चालताना घेनार न्हाय. एकटीनं आंघोळ घालनार न्हाय. मांडीवर कुनी दिलं तरच घेनार. पन लेकीला ऊन ऊन खायला घालीन, तिचं डोकं चेपीन, तिला झोप लागली की बाळाजवळ बसून ऱ्हाईन. एवढं माज्याच्यानं व्हतंय. जे न्हाय व्हत, त्याला मानूस लागंल."

भुवनेश्वरींनी दुसरी भाकरी ताटात घेतली. मग म्हणाल्या, "मानूस म्हंजी कोन? मीच येते की. आंघोळी म्या घालीन. मला बी तुमच्या हातचं खायला मिळंल."

शिवरंजनी रडायला लागली, तशी दोघी एकदमच तिला म्हणाल्या, "रडू नगंस, असल्या दिवसांत रडू न्हाय."

बेंबळीला परतल्यावर आठवडाभरात ती स्टँडवरची बाई खरंच काठीसाठी आली. बोलता बोलता तिनं तिच्या गावातल्या सिदूचं सांगितलं. मेंढरं राखणारा माणूस, कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याचा पंजा गेलेला. उमाबाईंनी त्याला बोलावून घेतलं. सिदूला स्वयंपाकाचं काही नको होतं. त्याला रानात एकट्यानं चहा करायचा होता आणि बुटाची नाडी बांधायची होती. चहाचं उमाबाईंनी बघितलं. नाडीचं कोडं अप्पांनी सोडवलं, नाडीच काढून टाकून तिथं चिकटपट्टी लावून दिली. त्यानंतर दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल मांडलं गेलं. हात मोडलेले, वारं गेलेले, म्हाताऱ्या बोटांचे लोक यायचे, वस्तू एका हातानं चालवून बघायचे. जी चालणार नाही ती उमाबाई स्पष्ट सांगायच्या, "हे नगा नेऊ." अप्पा नुसते कपाळाला हात लावायचे.

शिवरंजनीला मुलगी झाली. दवाखान्यातून ती थेट बेंबळीला आली, आणि तिच्या मागोमाग एका पिशवीसकट भुवनेश्वरी. सकाळी न्हाणीघरात भुवनेश्वरी पाय पसरून बसायच्या आणि पायांवरच्या नातीला तेल चोळायच्या. उमाबाई शेजारच्या स्टुलावरून डाव्या हातानं कोमट पाणी सोडायच्या. उजव्या हाताची बोटं एवढ्यात थोडी वळायला लागली होती. टॉवेलचं टोक धरण्याइतकी.

एका सकाळी आंघोळ झाल्यावर भुवनेश्वरींनी पोरीला टॉवेलात गुंडाळलं, क्षणभर तशाच बसल्या आणि मग अलगद उमाबाईंच्या मांडीवर ठेवली. उजवा हात उचलून तिच्या अंगावर पांघरुणासारखा ठेवला. "धरा," म्हणाल्या, "म्या हाय हितं."

पोरगी आजीकडं टकामका बघत राहिली. स्वयंपाकघरातून शिवरंजनीची हाक आली, "अव्वा, भाकरी संपली. अजून हाय का?"

"थांब गं जरा," उमाबाई म्हणाल्या. "माझे दोन्ही हात कामात हायत."